बाराच तर व्होल्ट!

शालिग्राम रामटेक्यांसमोर विजेविषयी बोलायचं नाही, हा हिंदी मुलखातल्या आमच्या गुढियारी वस्तीतला न लिहिलेला कायदा होता. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती. चारशे चाळीस व्होल्टांच्या मोटारी आपल्या शब्दाबाहेर जात नसत, असं ते स्वतः सांगत. मोटारींना कुणी विचारलेलं नव्हतं. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणाचा कूलर गुरगुरायला लागला की शालिग्रामजींना बोलावणं जाई. ते येत, आधी कूलरकडे बघत, मग कूलर विकत घेणाऱ्याकडे बघत आणि मान हलवत. त्यानंतर मिलमधला एक किस्सा ऐकावा लागे आणि मग कूलर दुरुस्त होई. पण होई हं, उगीच खोटं कशाला बोला.

म्हणूनच या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे शालिग्रामजींची अॅम्बेसेडर चालेल, तिच्या टपावर बाबासाहेबांचा मोठा फोटो राहील आणि त्या फोटोवर गाडीच्याच बॅटरीवरून उजेड पडेल, असं बुद्धविहाराच्या समितीनं ठरवलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. एकट्या नरहरीला वाटलं. नरहरी हा पाऱ्यातला डेकोरेशनवाला. मंडप त्याचा, झालरी त्याच्या, जनरेटर त्याचा आणि दर वर्षी पुढे चालणारी उघडी जीपही त्याचीच. तो बैठकीत काही बोलला नाही. बाहेर चपला घालताना मात्र म्हणाला, "चांगलं झालं भाऊ. जीप मी पुसून तयार ठेवतो. काही झालंच तर."

हे 'काही झालंच तर' शालिग्रामजींच्या घरापर्यंत मागे मागे आलं, जेवायलाही बसलं.

गाडीची ओळख करून द्यायला हवी. दुधी रंगाची, मिलच्या मालकाकडून निवृत्तीच्या वेळी मागून घेतलेली, वयानं शालिग्रामजींच्या मुलीपेक्षा, म्हणजे रुचितापेक्षा, मोठी आणि लाडातही तिच्या पुढे. रुचिता शंकर नगरच्या एका बँकेत नोकरी करते आणि स्वतःच्या स्कूटीवर जाते. या गाडीनं ती एकदाच बँकेत गेली होती, आणि बँक बंद झाल्यावर पोहोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्रामजींनी मोठ्या झोकात बॉनेट उघडलं आणि त्यांच्या तोंडून 'अबब' सुद्धा निघेना. उंदरांनी वायरिंगचा फडशा पाडला होता. जुन्या कापडी वेष्टणाच्या तारा इतक्या मनापासून कुरतडल्या होत्या, की कुठली तार कुठे जात होती हे फक्त उंदीरच सांगू शकले असते.

"पापा, अब तो किसी ऑटो इलेक्ट्रीशियन को दे दो," रुचिता म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"काहून? मी मेलो काय? चारशे चाळीसवर हात चालला माझा, अन् ह्या बारा व्होल्टांसाठी दुसऱ्याच्या दारी जाऊ?"

त्याच दुपारी समितीचे अध्यक्ष यशवंतराव गजभिये त्यांना ठाण्यात घेऊन गेले. यशवंतराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ते जेवणाची पंगतही बसू देत नाहीत. मिरवणुकीच्या परवानगीसाठी पुढच्या गाडीचा नंबर लिहून द्यावा लागतो. तिथल्या हवालदारानं कागद वाचला, नंबर वाचला, मग चष्मा काढून शालिग्रामजींकडे पाहिलं.

"चाचा, ये गाड़ी चलती है ना?"

"बेटा, दौड़ती है," शालिग्रामजी म्हणाले. त्या क्षणी गाडीच्या बॉनेटमध्ये एकही धड तार नव्हती. पण नंबर कागदावर चढला, शिक्का बसला आणि परतीचा रस्ता संपला. आता गाडी निघाली नाही तर नरहरीची जीप निघणार आणि पुढची सगळी वर्षं पाऱ्यातले कूलर शालिग्रामजींकडे बघून गुरगुरणार.

तारेच्या दुकानात ते राजासारखे गेले. दुकानदारानं विचारलं, "कितने एमएम का दूँ? ढाई?" शालिग्रामजी हसले. अडीच एमएमची तार घरात गीझरला लागते. साठ वॅटच्या दिव्याला अर्धा एमएम पुष्कळ झाला, आणि तोही घरच्या दोनशे तीस व्होल्टांना. इथे तर बाराच व्होल्ट! हात लावला तर मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. याला सुतळी बांधली तरी चालेल, असं त्यांनी दुकानदाराला ऐकवलं आणि अर्ध्या एमएमची भलीमोठी गुंडाळी घेऊन ते घरी आले.

काम मात्र बघत राहावं असं केलं. प्रत्येक तारेला वेगळा रंग, प्रत्येक वळणावर पट्टी, कुठे गाठ नाही की लोंबकळ नाही. टपावर फोटोची चौकट बसवली, तिच्या खाली साठ वॅटचा दिवा लावला, पुढच्या सीटखाली माइकची पेटी ठेवली, माइक स्टिअरिंगशेजारी आणि भोंगा टपावर बसवला. शेजारचे तुळशीराम रोज येऊन स्टुलावर बसत. हे मिलमध्ये क्रेन चालवायचे. साखळी असो, दोर असो की पोळी, सगळं जाडच असावं असं त्यांचं मत.

"शालिक, तार बारीक वाटून राहिली बावा."

"तुळशीराम, तू क्रेन पाय. करंट मी पायतो."

समितीनं ट्रायल ठेवली. विहारासमोर संध्याकाळी पन्नासेक माणसं जमली. यशवंतरावांनी खिशातून खरीखुरी हिरवी झेंडी काढून दाखवली. शालिग्रामजींनी बटण दाबलं.

दिवे लागले. म्हणजे लागले असं म्हणायचं. काचेच्या आत दिव्याची तार नुसती पिवळी झालेली दिसत होती; उजेड बाहेर पडायला तयार नव्हता. फोटोवरच्या दिव्याची तीच गत. शालिग्रामजींनी सवयीनं हॉर्न दाबला, तर हॉर्न कण्हला आणि तेवढ्यात उरलासुरला उजेडही गेला. हॉर्न सोडला की उजेड परत यायचा. मुलांना ही गंमत फारच आवडली. "अंकल, फिर से!" असा पुकारा झाला. पुढे स्टिअरिंगखालून गरम प्लास्टिकचा वास आला आणि सगळं बंद करावं लागलं.

यशवंतराव पुढे आले. माणूस सभ्य, आवाज हळू. पण हळू आवाजातलंच जास्त लागतं.

"शालिग्रामजी, बाबासाहेब दिसून नाही राहिले."

मागून नरहरी म्हणाला, "मेणबत्ती लावू काय? विहारात आहेत पुष्कळ."

त्या रात्री शालिग्रामजी जेवले नाहीत. कुणी हसलं याचं त्यांना इतकं वाटलं नाही. बाबासाहेब दिसले नाहीत, आणि आपल्या हातच्या कामामुळे दिसले नाहीत, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

माणूस दुखावला की एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला जातो, अधेमध्ये थांबत नाही. सकाळी ते तुळशीरामांच्या दारात उभे राहिले. "चाल. जाड तार पाहिजे." तुळशीरामांना आयुष्यात एवढा आनंद क्वचित झाला असेल. ओळखीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी मिलच्या मोटारींना लागणाऱ्या केबलचे तुकडे निवडून आणले. सोळा एमएम! अंगठ्याएवढी जाड, आणि वाकवायला गेलं की उलट माणसालाच वाकवणारी.

"आता कोणाची हिंमत आहे गरम व्हायची," तुळशीराम म्हणाले.

पुढचे दिवस गुढियारीनं विसरू नयेत असे होते. इंजिनकडून गाडीच्या आत तारा यायला एक भोक असतं. त्यातून एक केबल गेली, दुसरी अर्धी गेली, तिसरीनं नकार दिला. भोक मोठं केलं. मग डॅशबोर्ड बसेना. तो बसवायला सामानाचा कप्पा काढला. कप्पा काढल्यावर केबलचं वेटोळं मोकळेपणी खाली उतरलं आणि क्लच पेडलच्या मागे जाऊन बसलं, त्यामुळे क्लच दबेना. बारक्या बारक्या स्विचांच्या टोकांना अंगठ्याएवढी केबल धरेचना. धरली की स्विचच उखडून हातात यायचा. इंडिकेटरच्या पाच वॅटच्या दिव्याला सोळा एमएमची केबल लावलेली पाहून एक म्हातारे गृहस्थ आपणहून म्हणाले, "हे काही बरं नाही दिसून राहिलं." त्यांना विजेतलं काही कळत नव्हतं.

सल्ल्यांना तर ऊत आला. कुणी म्हणालं दोन बॅटऱ्या लावा. कुणी म्हणालं फोटोवर टॉर्च बांधा. समोरच्या घरातले जावई नागपूरहून आले होते, त्यांनी गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला आणि त्यांना चहा मिळाला नाही. नरहरी रोज सकाळी जीप धुवायचा. तीही शालिग्रामजींच्या फाटकासमोर. म्हणे नळ तिथेच जवळ पडतो.

रुचितानं कामावर जाता जाता गाडीत डोकावून पाहिलं. "पापा, ये कार है कि सबस्टेशन?"

शालिग्रामजींनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले.

व्हरांड्यात शर्मिष्ठाबाई जयंतीच्या भोजनदानाचे तांदूळ निवडत होत्या. त्या विहाराच्या महिला मंडळाच्या प्रमुख. नवऱ्याच्या कामात त्या कधी पडत नसत. पण त्या दिवशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"अहो, एक सांगू का? रागावसान नाही तर सांगते."

"सांग. सगळे सांगूनच राहिले."

"हे तांदूळ मागच्या वर्षी तुमच्या मिलच्या हमालांनी आणले. एका पोत्याले दोन माणसं. दाराचा एकच पल्ला उघडा होता, तिरपे झाले अन् त्यातूनच घुसले आत. या वर्षी हमाल नाही भेटले, तर आमच्या महिला मंडळानं उचललं. पोतं तेवढंच! पण एका पोत्याले आठ बाया लागल्या. अन् त्याच एका पल्ल्यातून घुसाले गेलो, तर सगळ्या दारात अडकलो. घामाघूम झालो, भांडणं झाली. दोन्ही पल्ले उघडले तवा कुठं आत गेलो."

"बरं मग?"

"मग काय! तुमचे चारशे चाळीस म्हणजे ते हमाल. हे बारा म्हणजे आमचं महिला मंडळ. जोर कमी, तर माणसं जास्ती लागतीन. माणसं जास्ती, तर दार मोठं पाहिजे. तुम्ही पहिले एकच पल्ला उघडला. अन् आता पाहा, घरातल्या मिठाच्या डब्यालेही दोन पल्ल्यांचं दार लावून राहिले."

शालिग्रामजी पायरीवरून अर्धे वळले.

"तुले हे कोणी सांगतलं?"

"कोण सांगन? लग्न झाल्यापासून तुमचेच किस्से ऐकून राहिले ना मी. कोणाच्या तरी डोक्यात राहतेच ते."

शालिग्रामजींनी खडूचा तुकडा उचलला आणि पायरीवरच गणित मांडलं. साठ वॅट भागिले दोनशे तीस: पाव अँपिअरच्या आसपास. साठ भागिले बारा: पाच अँपिअर. वीस पट! दिवा तोच, पण तारेतून जाणारा करंट वीस पट. मिलमध्ये नव्या पोरांना पहिल्या दिवशी ते हेच शिकवायचे. व्होल्टचा बाऊ करू नका रे पोट्टेहो, तार करंटनं तापते, असं ओरडून सांगायचे. आणि स्वतः मात्र बाराचा आकडा ऐकून छाती फुगवून बसले होते. त्यांनी कपाळावर हात मारला. खडूचा पांढरा पट्टा उमटला, तो दिवसभर तसाच राहिला आणि घरात कुणी सांगितला नाही.

मग मात्र काम झालं ते फोरमनचं. जो दिवा जेवढा करंट खाईल तेवढी त्याला तार. हेडलाइटला आणि फोटोच्या दिव्याला अडीच एमएम, टपापर्यंतचं अंतर जास्त म्हणून फोटोची वेगळी लाइन थेट बॅटरीकडून. हॉर्नला त्याची स्वतःची. इंडिकेटरला आणि मीटरच्या दिव्यांना एकच एमएम, उगीच लाड नाहीत. प्रत्येक लाइनला फ्यूज. गाडीच्या अंगाला जिथे जिथे अर्थिंगची तार जोडायची, तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं. अंगठ्याएवढ्या केबलचा एकच तुकडा वापरला, बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत. तिथे ती शोभूनही दिसली. तुळशीरामांना तेवढाच दिलासा.

उरलेली बारीक तारेची गुंडाळी फाटकापाशी पडली होती. नरहरीनं ती उचलली. "वाया काहून घालवता? मी नेतो."

"ने. पण झालरीले लाव फक्त. हॅलोजनले लावशीन नको, सांगून ठेवतो."

"हव, हव," म्हणत नरहरी गुंडाळी खांद्यावर टाकून गेला.

जयंतीच्या संध्याकाळी गुढियारी नटली होती. निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायांच्या रांगा, ढोलताशे. नरहरीचा जनरेटर मागच्या ट्रॉलीवर धडधडत होता आणि दोन्ही बाजूंनी त्याच्या हॅलोजनच्या माळा चालत होत्या. खरं सांगायचं तर त्या उजेडात शालिग्रामजींचा दिवा लागला आहे की नाही हेच कुणाला कळत नव्हतं. लोक नरहरीच्या पाठीवर थाप मारत होते. शालिग्रामजी स्टिअरिंगवर ताठ बसले होते, कोट घालून, एप्रिलच्या उकाड्यात.

मालधक्क्याकडच्या वळणावर मिरवणूक आली आणि मागे फट् असा आवाज झाला. एकापाठोपाठ सगळे हॅलोजन गेले. नरहरीनं सगळी माळ त्याच बारीक तारेवर ओढली होती. आतल्या तारा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या वळणावर रस्त्याचे दिवेही नव्हते. ढोल थांबले. आणि त्या अंधारात साऱ्या मिरवणुकीला एकच गोष्ट दिसली: टपावर, स्वच्छ पांढऱ्या उजेडात, बाबासाहेब.

मग आवाज उठला, "जय भीम!" आणि सारं वळण दुमदुमलं.

शालिग्रामजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला रुमाल काढावा तर गाडीनं आचका दिला. चालीच्या वेगानं इतका वेळ चालून इंजिन तापलं होतं. बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी जागच्या जागी बंद पडली.

तुळशीराम धावत आले. "शालिक! गेली का वायरिंग?"

"वायरिंग?" शालिग्रामजी खिडकीतून निम्मे बाहेर आले. "वायरिंग गेली म्हणतोस? वर पाय! दिवा हलला काय? हे इंजिन आहे, इंजिन! इंजिनाशी माझा संबंध नाही!"

त्यांनी रागारागानं हॉर्न दाबला. हॉर्न असा कडाडला की पुढची पोरं बाजूला उडाली. दिवा तसूभर मंद झाला नाही.

मग गाडी ढकलायचं ठरलं. आधी समितीनं हात लावले, मग पोरांनी, मग महिला मंडळानं. डिकीच्या अगदी मधोमध खांदा लावून जो माणूस सगळ्यांत जास्त जोर करत होता तो नरहरी होता. त्याचा जनरेटर गप्प झाला होता आणि तोंडही. यशवंतरावांनी हिरवी झेंडी दाखवली. इंजिन बंद, पण दोन्ही हेडलाइट लख्ख, वर फोटो लख्ख, अशी ती दुधी गाडी साऱ्या पाऱ्याच्या हातांवर निघाली. मिलच्या मालकाकडे असताना तिला असा मान कधी मिळाला नव्हता.

यशवंतराव खिडकीजवळून चालत होते. ते वाकून म्हणाले, "शालिग्रामजी, मानलं तुम्हाले. काय हिशोब लावला हो तारेचा!"

शालिग्रामजींनी छाती फुगवली. तोंड उघडलं. पाऱ्यातल्या कुणालाही पुढचं वाक्य पाठ असतं: चारशे चाळीसवर हात चालला माझा. पण आरशात त्यांना डिकीला हात लावलेल्या शर्मिष्ठाबाई दिसल्या, पांढरी साडी खोचलेली, घामानं चेहरा डबडबलेला, बाकीच्या बायांना "दोन्हीकडून लावा वं, एकीकडून नोको," असं ओरडून सांगणाऱ्या.

"तार मी ओढली, गजभियेजी," ते म्हणाले. "पण साइज आमच्या बाईनं काढली. मी चुकलो होतो. तिनं तांदळाच्या पोत्यावरून समजावलं मले. चारशे चाळीसवाल्यालेही."

त्यांना वाटलं आपण हळूच बोललो. पण पुढच्या सीटखालची माइकची पेटी चालू होती, आणि तिचीही तार अडीच एमएमचीच होती. प्रत्येक शब्द भोंग्यातून निघाला, मालधक्क्याच्या भिंतीवर आपटला आणि साऱ्या गुढियारीनं ऐकला. टाळ्या पडल्या. बायांनी तर गाडी ढकलायची सोडून शर्मिष्ठाबाईंनाच उचलायचं बाकी ठेवलं. रुचिता गर्दीतून आईपर्यंत पोहोचली आणि तिनं आईला कवेत घेतलं. "क्या बात है आई!" ती म्हणाली. तिच्या तोंडून आई हा शब्द बऱ्याच वर्षांनी निघाला होता. एरवी मम्मीच असायचं.

शर्मिष्ठाबाई लाजेनं लाल झाल्या. मग पदर सावरत, गर्दीतून वाट काढत त्या खिडकीपाशी आल्या. सगळ्यांना वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. यशवंतरावांनी झेंडी खाली केली.

"ते माइक बंद करा पहिले," त्या म्हणाल्या. "बॅटरी उतरन. अजून विहार दूर आहे, अन् बाबासाहेब दिसले पाहिजेत."

हेही भोंग्यातूनच गेलं. शालिग्रामजींनी मुकाट्यानं बटण बंद केलं आणि गाडी पुढे निघाली.